आमच्या घरातला कोळी

संक्रांतीला थोरली बंगळूरहून घरी आली की टीव्हीचा रिमोट तिच्या हातात जातो, हे आमच्याकडे ठरूनच गेलं आहे. २०२५ च्या संक्रांतीलाही तसंच झालं. वेळ अमावास्येला शेतात यायला तिला सुट्टी मिळाली नव्हती, त्याची भरपाई म्हणून ती दोन दिवस जास्त राहणार होती. तिळगूळ आणि एळ्ळु-बेल्ल, दोन्हींचे डबे भरून झाले, जेवणं आटोपली आणि बाईसाहेबांनी जाहीर केलं, "आज सगळ्यांनी मिळून 'वॉलेस अँड ग्रोमिट' बघायचं. आणि नुसतं बघायचं नाही, खेळायचं!"

खेळ असा. चित्रपटात कुठेही दुसऱ्या चित्रपटाची नक्कल, आठवण किंवा चिमटा दिसला की "थांब!" म्हणून ओरडायचं. थोरली चित्र थांबवणार. बरोबर ओळखलं तर एक गुण, भिंतीवरच्या पाटीतला किंवा पुस्तकाच्या नावातला विनोद सांगितला तर अर्धा. गुण लिहायला धाकट्याची गणिताची वही. तो तेव्हा दहावीला, त्यामुळे गणिताची वही कुठल्याही कारणाने उघडली तरी घरात आनंदच होता.

ज्यांना हे दोघे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वॉलेस हा इंग्लंडमधला एक भोळसट, चीजवेडा संशोधक आणि ग्रोमिट हा त्याचा कुत्रा. अक्कल सगळी कुत्र्याकडे. दोघेही मातीचे, म्हणजे प्लास्टिसिनचे. बाहुली तसूभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा तसूभर हलवायची, पुन्हा चित्र. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. दिवसभर राबून हाती काही सेकंदांचं काम येतं. ब्रिस्टल शहरातली आर्डमन ही संस्था हे चित्रपट करते, आणि या जोडीचा जन्मदाता आहे निक पार्क.

आपल्याकडे जसा दिवाळी अंक, तसा इंग्लंडात नाताळचा टीव्हीवरचा खास कार्यक्रम. घरातले सगळे जेवून सुस्तावलेले, म्हातारे खुर्चीत, पोरं गालिच्यावर. अशा वेळी सगळ्यांना एकदम हसवायचं म्हणजे पोरांसाठी धावपळ आणि मोठ्यांसाठी जुन्या सिनेमांच्या खुणा, अशी दुहेरी वीण घालावी लागते. २००८ च्या नाताळात या जोडीची बेकरीची गोष्ट बीबीसीवर आली. त्यात 'घोस्ट' सिनेमातलं कुंभाराच्या चाकाचं गाजलेलं प्रेमदृश्य कणकेच्या गोळ्यावर केलं होतं. 'घोस्ट' आपल्याकडे किती जणांनी उचलला हे वाचकांना सांगायला नको. आम्ही बघणार होतो तो २०२४ च्या नाताळातला, 'व्हेन्जन्स मोस्ट फाउल'. नाताळच्या दिवशी तो बीबीसीवर दिसला आणि ३ जानेवारीला नेटफ्लिक्सवर, म्हणजे आमच्या बिदरच्या हॉलमध्येही, येऊन पोचला.

नावातच पहिली कोटी. 'हॅम्लेट'मध्ये बापाचं भूत आपल्या खुनाला नीच, ओंगळ म्हणतं, तो शब्द 'फाउल'. स्पेलिंगमध्ये एक अक्षर बदललं की त्याचाच अर्थ होतो पक्षी, कोंबडं. सूड घेणारा खलनायक पेंग्विन आहे, म्हणून ही कोटी. तो पहिला गुण मी मिळवला. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईने एवढं तरी करायला नको का! मराठीतला सूड आणि कन्नडातला सेडु हे सख्खे भाऊ वाटतात की नाही, हेही मी सांगू लागले होते, पण थोरलीने "आई, सिनेमा!" म्हणून गप्प केलं.

मग धमाल सुरू झाली. पेंग्विन प्राणिसंग्रहालयात कैदेत आहे आणि दांडीला लटकून दंड कमावतो आहे. थोरली ओरडली, "केप फिअर! रॉबर्ट डी नीरो!" एक गुण. तोच पेंग्विन मांडीवर सीलचं पांढरंशुभ्र पिल्लू घेऊन कुरवाळत बसला, तेव्हा आमचे हे जागे झाले. जेम्स बाँडच्या सिनेमात मांजर कुरवाळणारा तो बडा खलनायक त्यांनी कॉलेजात असताना पाहिलेला. एक गुण. कालव्यातल्या लांबट नावांचा पाठलाग सुरू झाला. त्यातल्या एका नावेचं नाव 'अ‍ॅक्रिंग्टन क्वीन'. हा मात्र माझा गुण. 'आफ्रिकन क्वीन' हा १९५१ चा हम्फ्री बोगार्ट आणि कॅथरीन हेपबर्नचा सिनेमा मी एम.ए.ला असताना एका मैत्रिणीकडे कॅसेटवर पाहिला होता. अ‍ॅक्रिंग्टन हे तिकडच्या लँकेशायरमधलं गाव. म्हणजे आपण 'आफ्रिकन क्वीन'चं 'औराद क्वीन' करावं, तसलाच प्रकार. आणि हो, त्यात एक नवशिकी पोलीस बाई आहे, तिचं आडनाव मुखर्जी. धाकट्याला तिच्याबद्दल गुण हवा होता. "ती कुठल्या सिनेमातली नक्कल?" असं विचारल्यावर म्हणाला, "नक्कल नाही, पण आपली आहे ना!" मिळाला नाही.

ह्यांनी मध्येच वाद काढला की सगळ्या खुणा इंग्रजांच्याच का मोजायच्या? 'स्त्री' सिनेमा आठवतोय का, २०१८ चा? भिंतीवर 'ओ स्त्री कल आना' लिहितात तो? मध्य प्रदेशातल्या गावाची गोष्ट म्हणून सगळ्या देशाने पाहिली. पण दारावर 'नाळे बा' लिहून भुताला उद्याचा वायदा द्यायची कथा आपल्या कर्नाटकातली. ह्यांनी थिएटरात शेजारच्याला ते सांगितलं, तर तो म्हणाला होता, पिक्चर बघू द्या. थोरलीने त्यांना जुन्या बाकीचा म्हणून अर्धा गुण दिला.

या सगळ्या वेळात अत्ती हॉलमधल्या आपल्या खाटेवर बसून होत्या. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, मुलांच्या अज्जी. माझं माहेर उदगीरचं, सासर कन्नड बोलणारं. लग्न होऊन आले तेव्हा माझं कन्नड 'ऊट आयितु' इथपर्यंतच होतं, बाकीचं त्यांनी शिकवलं, तेही स्वयंपाकघरात, शिव्यांसकट. एके काळी वाड्यातली सगळी पोरं त्यांच्या गोष्टी ऐकायला जमायची. अलीकडे त्यांना ऐकू कमी येतं. इंग्रजी कधीच येत नव्हतं. चित्र पुढे सरकलं की त्या बघत, थांबलं की आमच्या तोंडाकडे बघत, आणि आम्ही पुन्हा हसलो की उगीच थोडंसं हसत.

पुढे ग्रोमिट बिछान्यात पुस्तक वाचतो असं एक दृश्य आहे. मी "थांब!" म्हणून जोरात ओरडले. पुस्तकाचं नाव 'अ रूम ऑफ वन्स ओन', लेखिका व्हर्जिनिया वुफ! व्हर्जिनिया वुल्फचं ते प्रसिद्ध पुस्तक १९२९ चं. वुफ म्हणजे तिकडच्या कुत्र्याचं भो-भो. आता हा विनोद मुलांना समजायचा तर मूळ पुस्तक समजायला हवं, म्हणून मी सुरू झाले. बाईला लिहायचं असेल तर तिच्याकडे थोडा पैसा हवा आणि स्वतःची एक खोली हवी, हे वुल्फबाईंचं म्हणणं. दार लावून घेता येईल अशी खोली. घरात प्रत्येकाला जागा असते, आणि बाई मात्र सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर बसलेली असते... तासाला बोलते तशी मी पाच-सात मिनिटं बोलले असेन. चित्र थांबलेलं. मुलांनीही मन लावून ऐकलं.

अत्ती उठल्या. "तुमचं चालू द्या," असं काहीसं कन्नडातून म्हणाल्या, "मी जरा पडते."

पण पडायला जाणार कुठे? खाट तर हॉलमध्येच. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दिवा न लावता पाटावर बसून राहिल्या.

हे सांगायला मला जड जातं, पण सांगते. मागच्या अंगणाकडची कोपऱ्यातली खोली अत्तींची होती. वीस-बावीस वर्षं त्यांचीच. धाकट्याचं दहावीचं वर्ष सुरू झालं, शांत जागा हवी म्हणून त्याचं टेबल तिथे गेलं, मग कपाट गेलं, आणि अत्तींची खाट हॉलमध्ये आली. कुणी भांडलं नाही, कुणी त्यांना जा म्हटलं नाही. त्यांनीच "पोराचा अभ्यास महत्त्वाचा" म्हटलं आणि आम्ही ते लगेच खरं मानलं. माझ्या तर ते लक्षातही राहिलं नव्हतं. त्या रात्रीही सिनेमा संपेपर्यंत लक्षात आलं नाही. मी अडीच गुणांनी पहिली आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून आले तर हॉलमध्ये वेगळाच बेत. थोरलीने अज्जीसाठी याच जोडीचा १९९३ चा 'द राँग ट्राउझर्स' लावायचं ठरवलं होतं. त्या पेंग्विनचा हा पहिला अवतार, लांबी जेमतेम अर्धा तास. "थांबवायचं नाही, कुणी काही सांगायचं नाही," असा नवा नियम. बहुतेक आदल्या रात्री पाणी प्यायला गेली तेव्हा तिला अज्जी अंधारात दिसल्या असाव्यात. मी विचारलं नाही.

सुरू करण्याआधी अत्तींनी एकच प्रश्न केला. "इवन्न यारु हलसतार?" याला हलवतं कोण? मी म्हटलं, अत्ती, तुम्ही मण्णेत्तिन अमावास्येला मातीचे बैल करता ना, तसंच हे. बैलाचा पाय जरासा पुढे करायचा, फोटो काढायचा. पुन्हा जरासा पुढे, पुन्हा फोटो. आपल्या नाशिककडच्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचं थोडं थोडं चित्रण केलं आणि दाण्यापासून वेल झालेला पडद्यावर एका दमात दाखवला. पुढे त्यांनी याच युक्तीने आगकाड्याही नाचवल्या. अत्तींना फाळक्यांपेक्षा बैल पटला. टीव्हीजवळ खुर्ची ओढून घेतली, चष्मा पुसला. थोड्या वेळाने म्हणाल्या, या कुत्र्याच्या कपाळावर बोटाचा ठसा आहे. खरंच आहे. आर्डमनची माणसं ते ठसे मुद्दाम राहू देतात, हे मी पूर्वी वाचलं होतं. पण इतक्या चित्रपटांत माझ्या डोळ्यांना एकदाही दिसला नव्हता.

गोष्ट साधी आहे. वॉलेसला पैशांची चणचण, म्हणून तो भाडेकरू ठेवतो. भाडेकरू म्हणजे हा पेंग्विन. त्याला वेगळी खोली दाखवली जाते, पण त्याला आवडते ग्रोमिटची. तो तीच बळकावतो. रात्रभर गाणी लावतो, मालकाच्या चपला आणून देतो, हळूहळू घर आपलंसं करतो. यात गंमत अशी की बोलतो फक्त वॉलेस, आणि त्याचं बोलणं नाही कळलं तरी काही अडत नाही. ग्रोमिटला तोंडच नाही, जे काय आहे ते भुवयांत. पेंग्विनला तर भुवयाही नाहीत. दोन काळे मणी, बस्स. तरी तो नुसता मान वळवून बघतो तेव्हा पोटात गोळा येतो. ऐकू न येणाऱ्या आणि इंग्रजी न येणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचा सिनेमा शोधून सापडणार नाही. आम्ही तिघं आदल्या रात्री कुठली नक्कल कुठली, याच्या मागे होतो. अत्ती नुसते डोळे वाचत होत्या आणि आमच्या दोन पावलं पुढे होत्या. पेंग्विन चोर आहे, हे त्यांनी तो दारात उभा राहिल्याबरोबर सांगून टाकलं.

मग ग्रोमिट आपलं सामान बांधतो आणि घराबाहेर पडतो.

अत्ती म्हणाल्या, "पाप! तन्न खोली बिट्टु होंटद." बिचारं, आपली खोली सोडून निघालं.

त्या फक्त कुत्र्याबद्दलच बोलत होत्या, असं मी आजही मानायला तयार आहे. पण हॉलमध्ये कुणी हललं नाही. धाकटा वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत होता, त्याचा हात थांबला. मी टीव्हीकडे बघत राहिले. खाट माझ्या पाठीमागेच होती.

बरं झालं, पुढे तो हातमोजा आला. चोरीला निघताना पेंग्विन डोक्यावर लाल रबरी हातमोजा चढवतो आणि कोंबडी होतो. एवढंच वेशांतर! शहरभर 'ही कोंबडी कुठे दिसली का' अशी पत्रकं लागतात, आणि शेवटी मोजा उतरवल्यावर वॉलेसला केवढा धक्का बसतो की अरे, हा तर आपला भाडेकरू! आपल्या नाटकांत गालावर तीळ लावला की सख्खी आईही ओळखत नाही, त्याची मला आठवण झाली. गुण मागणार होते, पण नियम बदललेले.

अत्ती मात्र खुर्चीत पुढे सरकून टीव्हीला सांगू लागल्या, "इदु कोळी अल्ल! कोळी अल्ल!"

कन्नडात कोळी म्हणजे कोंबडी, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच. पण धाकट्याची सगळी उठबस मराठी पोरांत. तो म्हणाला, "अज्जी, कोळी नाही कसा? मासे धरून खातो, म्हणजे कोळीच की!"

अत्तींना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. थोरलीने कानाशी जाऊन दोन्ही भाषांत सांगितलं. क्षणभर त्या थांबल्या, आणि मग जे हसल्या! पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सोंग घेतलं ते कन्नड कोळीचं, आणि जन्माचा मराठी कोळी. लँकेशायरच्या निक पार्कला स्वप्नातही सुचला नसेल असा विनोद त्याच्याच सिनेमात निघाला, आणि तो कळायला बिदर-उदगीरच्या पट्ट्यातलं घर लागलं. त्यानंतरचा खेळण्यातल्या आगगाडीचा पाठलाग, जो जगभर नावाजला जातो, आम्ही निम्मा हसण्यात घालवला. ग्रोमिट धावत्या गाडीपुढे स्वतःच रूळ मांडत जातो, तेवढं अत्तींनी पुन्हा लावायला सांगितलं. दोनदा.

संध्याकाळी धाकट्याने कुणाला न विचारता आपलं टेबल दारापर्यंत ओढत आणलं. आवाजाने अत्ती उठून आल्या आणि त्याला रागावल्या. "परीक्षा आगली!" परीक्षा होऊ दे. ह्यांनी समजूत घातली, मी घातली, त्या ऐकेनात. कानाला कमी येणं त्यांना अशा वेळी फार उपयोगी पडतं. शेवटी तडजोड झाली. टेबल राहिलं, पण दुपारी तो शाळेत असतो तेव्हा खोली त्यांची. त्यांचं जपाचं आसन, पानाचा डबा आणि देवाची तसबीर परत गेली. दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच दिवशी एप्रिलमध्ये खाट गेली. हॉलमध्ये तिच्या चार पायांच्या खुणा फरशीवर कितीतरी दिवस दिसत होत्या. फडक्याने जात नव्हत्या.

थोरलीने मला नंतर फोनवर विचारलं, त्या रात्रीचे गुण मोजून ठेवू का, पुढच्या नाताळाला उपयोगी पडतील. मी म्हटलं, माझे खोड.

जूनमध्ये मण्णेत्तिन अमावास्या आली. माझ्या माहेरी बैल पुजायचे ते पोळ्याला, इथे मातीचे बैल ज्येष्ठातच होतात. मला आधी ते चुकीचं वाटायचं, आता दोन्ही करते. अत्तींनी नेहमीप्रमाणे शेतातली काळी माती मागवली, भिजवली, मळली आणि आपल्या खोलीच्या उंबऱ्यात बसून बैल केले. शिंगं, वशिंड, पुढ्यात गव्हाण. संध्याकाळी पूजेला ते पाटावर मांडताना धाकट्याला गव्हाणीच्या मागे आणखी एक बोटभर उंचीचं काहीतरी दिसलं. त्याला तोंड नव्हतं. दोन ज्वारीचे दाणे डोळ्यांच्या जागी, आणि डोक्यावर लाल चिंधीचा तुरा. पोटावर अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटला होता.

"अज्जी, इदु कोळी एनु?" त्याने विचारलं.

अत्तींनी हात धुता धुता वर बघितलंही नाही. "हौदु," त्या म्हणाल्या, "निम्म मराठी कोळी."